शून्यावरचे नंदुरबार

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांना ४९७ ते ५३१ असे संकेतांक मिळाले. क्रम राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून सुरू होतो. त्यामुळे ४९७ हा पहिला आकडा नंदुरबारच्या वाट्याला आला. त्यानंतर धुळे, जळगाव, बुलढाणा असे फिरत ही यादी शेवटी कोल्हापूर आणि सांगलीवर थांबते. एरवी शासकीय पत्रकांत आणि बातम्यांत बऱ्याच खाली सापडणारा नंदुरबार जिल्हा इथे सगळ्यांच्या वर आहे.

हीच यादी, याच क्रमाने, पीएचपी या भाषेत लिहिलेल्या एखाद्या पर्यटनविषयक संकेतस्थळात भरली आहे असे समजू. कुणाला तोरणमाळ या पर्यटनस्थळाची माहिती हवी आहे. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात येते. ‘धुळे’ लिहून शोधले की धुळ्याचे पान उघडते, ‘सांगली’ लिहिले की सांगलीचे. ‘नंदुरबार’ लिहिले की मात्र उत्तर येते : असा जिल्हा यादीत नाही. यादी उघडून पाहावी तर नंदुरबार अगदी माथ्यावर. अक्षरे बरोबर, यादी बरोबर, शोधही बरोबर. चौतीस जिल्हे बिनचूक सापडतात आणि एकच हरवतो, तोही पहिला.

ही चूक जगभर इतक्यांदा झाली आहे की पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत यादीत शोध घेणाऱ्या फंक्शनच्या पानावर खास इशारा छापलेला आहे. तरीही ती होत राहते. चूक नेमकी कुठे होते हे कळण्यासाठी यादी संगणकात कशी ठेवली जाते, इथपासून सुरुवात करावी लागते.

पहिल्याचा क्रमांक शून्य

एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीला प्रोग्रामिंगमध्ये ॲरे म्हणतात. ॲरेतल्या प्रत्येक मूल्याला एक क्रमांक असतो. बहुतेक भाषांमध्ये ही मोजणी एकापासून नव्हे, शून्यापासून सुरू होते. म्हणजे नंदुरबार ०, धुळे १, जळगाव २ आणि पस्तिसावे सांगली ३४.

हा क्रमांक ‘कितवा’ हे सांगत नाही, ‘सुरुवातीपासून किती पुढे’ हे सांगतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांसारखे हे आहे. जिथून रस्ता सुरू होतो तिथला दगड शून्याचा असतो, आणि त्या दगडाचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा कुणी लावत नाही. संगणकाच्या स्मृतीत यादी जिथून सुरू होते तो पत्ता माहीत असला की क्रमांकाला प्रत्येक खणाच्या आकाराने गुणून त्या पत्त्यात मिळवायचे, की हवा तो खण सापडतो. पहिल्या खणासाठी काहीच मिळवावे लागत नाही, म्हणून तो शून्य. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डाइकस्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात मोजणी शून्यापासूनच का असावी याची तर्कशुद्ध बाजू मांडली होती. पीएचपीचा ॲरे आतून वेगळ्या रचनेचा आहे आणि त्यात क्रमांकांऐवजी नावेही वापरता येतात. पण नुसती यादी दिली तर तोही शून्यापासूनच मोजतो.

एका प्रश्नाची दोन जातींची उत्तरे

पीएचपीमध्ये यादीत शोध घेण्याचे काम ‘ॲरे सर्च’ नावाचे फंक्शन करते. त्याला दोन गोष्टी द्यायच्या : काय शोधायचे आणि कुठे शोधायचे. काम संपल्यावर फंक्शन जे उत्तर परत देते त्याला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. मूल्य सापडले तर ॲरे सर्च त्याचा क्रमांक देते. नाही सापडले तर क्रमांक देणार कुठून? म्हणून ते ‘फॉल्स’ हे उत्तर देते. फॉल्स हा आकडा नाही. ते खरे-खोटे या जातीतले मूल्य आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी तोरणमाळ धुळे जिल्ह्यात होते. आता १९९१ च्या जनगणनेची जिल्हायादी आणि २०११ ची जिल्हायादी असे दोन ॲरे घेतले आणि दोन्हींत ‘नंदुरबार’ शोधले, तर पहिल्यात उत्तर येईल फॉल्स आणि दुसऱ्यात येईल शून्य. एका उत्तराचा अर्थ ‘हा जिल्हा अजून जन्मलाच नव्हता’, दुसऱ्याचा ‘यादीत पहिला’. अर्थाने दोन टोकांची ही उत्तरे आहेत, आणि फंक्शनने ती दोन्ही अचूक दिली आहेत. घोळ होतो तो पुढच्या ओळीत.

‘जर’च्या उंबरठ्यावर

प्रोग्रामर साधारणपणे असे लिहितो :

जागा = ॲरे_सर्च(“नंदुरबार”, जिल्हे)
जर (जागा) → जिल्ह्याचे पान दाखवा
नाहीतर → “असा जिल्हा यादीत नाही”

(ही मांडणी समजण्यापुरती आहे.)

‘जर’च्या कंसात खरे किंवा खोटे यांपैकी एक मूल्य लागते. तिथे दुसरे काही आले तर पीएचपी तक्रार करत नाही, आपल्या नियमाने त्याला खऱ्यात किंवा खोट्यात ढकलून मोकळी होते. नियम असा : शून्य हा आकडा, रिकामा मजकूर, फक्त ‘शून्य’ हे एकच अक्षर असलेला मजकूर, रिकामा ॲरे, ‘नल’ म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण, आणि अर्थातच फॉल्स ही सगळी खोटी. बाकी जवळजवळ सगळे खरे.

धुळ्याचा १ खरा ठरतो, सांगलीचा ३४ खरा ठरतो. नंदुरबारचा शून्य खोट्यांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि तिथे आधीच बसलेल्या फॉल्सपासून तो वेगळा ओळखता येत नाही. १९९१ चे ‘नाही’ आणि २०११ चे ‘पहिला’ ही दोन्ही उत्तरे या एका उंबरठ्यावर सारखीच होतात.

‘जागा फॉल्सच्या बरोबर आहे का?’ असे स्पष्ट विचारूनही भागत नाही. पीएचपीत दोन बरोबर चिन्हांची तुलना (==) ढिली असते. दोन्ही बाजूंची जात वेगळी असेल तर ती आधी जुळवून घेतली जाते. त्यामुळे शून्य आणि फॉल्स तिथेही समान ठरतात. तीन बरोबर चिन्हांची तुलना (===) मात्र जात आणि मूल्य दोन्ही पाहते. शून्य आकडा आहे, फॉल्स आकडा नाही, म्हणून दोन्ही वेगळे. प्रश्न असा विचारायचा :

जर (जागा === फॉल्स) → “असा जिल्हा यादीत नाही”
नाहीतर → जिल्ह्याचे पान दाखवा

एका चिन्हाने नंदुरबार परत येते.

न शोधताच पुसला गेलेला जिल्हा

वरच्या उदाहरणात नुकसान दिसते तरी. चुकीचा संदेश येतो, कुणीतरी तक्रार करतो आणि दुरुस्ती होते. त्याहून घातक प्रकार म्हणजे उत्तर न तपासता ते थेट वापरणे. समजा यादीतून एक जिल्हा काढून टाकायचा आहे. आधी त्याची जागा शोधायची आणि त्या जागेवरचे मूल्य पुसायचे, हे दोन्ही एकाच ओळीत लिहायचा मोह होतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या यादीत तो नाही. या यादीतून ‘पालघर’ काढून टाकण्याची आज्ञा दिली तर ॲरे सर्च फॉल्स देते. आता पुसण्याच्या आज्ञेला फॉल्स ही जागा मिळाली. ॲरेत जागा म्हणून फॉल्स आले की पीएचपी त्याचे शून्य करते. मग शून्याच्या जागेवरचे मूल्य पुसले जाते. पालघर काढायला सांगितले आणि नंदुरबार गेले. कुठलीही चूक नोंदली जात नाही, पडद्यावर इशारा येत नाही. यादीत ३४ जिल्हे उरतात आणि पहिला क्रमांक धुळ्याला मिळाला असे वाटते. महिन्याभराने कुणी विचारेल तेव्हा विचारेल.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये हीच आज्ञा दिली तर नंदुरबार वाचते आणि सांगली जाते. हे कसे, ते पुढे.

उणे एकची तऱ्हा

जावास्क्रिप्टमध्ये शोधाचे फंक्शन ‘इंडेक्स ऑफ’ आहे. सापडले तर तेही क्रमांक देते. न सापडल्यास उत्तर येते उणे एक. क्रमांक कधीच उणे असू शकत नाही, तेव्हा हा आकडा ‘नाही’ सांगायला मोकळा आहे, असा त्यामागचा विचार. उत्तर प्रत्येक वेळी आकडाच असते, हा या पद्धतीचा फायदा. पण ‘जर’च्या कंसात ती पीएचपीपेक्षाही जास्त घोटाळा करते. जावास्क्रिप्टमध्येही शून्य खोटा असतो आणि उणे एक खरा. त्यामुळे निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामला यादीत पहिले असलेले नंदुरबार ‘नाही’ वाटते आणि यादीत नसलेले पालघर ‘आहे’ वाटते. इथे तपासणी ‘उत्तर उणे एक आहे का’ अशीच करावी लागते.

काढून टाकण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘स्प्लाइस’ वापरतात. त्याला उणे एक दिले तर ते ‘शेवटून पहिला’ असा अर्थ घेते. म्हणून न सापडलेल्या पालघरच्या बदल्यात शेवटचे सांगली पुसले जाते. एकच चूक, दोन भाषा, आणि बळी यादीच्या दोन टोकांचे.

पायथनने वेगळी वाट धरली. तिथे यादीत मूल्य नसेल तर ‘इंडेक्स’ हे फंक्शन उत्तर देतच नाही. ते त्रुटी उभी करते, आणि ती हाताळली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबतो. सुरुवातीला हे उद्धट वाटते. पण पुसलेल्या जिल्ह्यापेक्षा थांबलेला प्रोग्राम केव्हाही परवडला.

चौकट : न सापडल्यास काय उत्तर येते?
• पीएचपी, ॲरे सर्च : फॉल्स. (२००२ च्या ४.२ आवृत्तीपूर्वी नल.)
• पीएचपी, इन ॲरे : फॉल्स. सापडल्यास नुसते ट्रू, क्रमांक नाही.
• जावास्क्रिप्ट, इंडेक्स ऑफ आणि फाइंड इंडेक्स : उणे एक.
• जावास्क्रिप्ट, फाइंड : अनडिफाइन्ड. सापडल्यास क्रमांक नाही, मूल्यच मिळते.
• जावास्क्रिप्ट, इन्क्लूड्स : फॉल्स. सापडल्यास ट्रू.
• पायथन, इंडेक्स : त्रुटी.

नुसते ‘आहे की नाही’ एवढेच हवे असेल, तर जागा विचारूच नये. पीएचपीतले इन ॲरे आणि जावास्क्रिप्टमध्ये २०१६ पासून आलेले इन्क्लूड्स फक्त खरे किंवा खोटे सांगतात. तिथे शून्याचा प्रश्नच येत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रोग्रामरला हवे असते तेवढेच, आणि सवयीने तो जागा विचारत बसतो.

शोधतानाची ढिली तुलना

ढिलाई उत्तर वाचतानाच होते असे नाही. ॲरे सर्च आणि इन ॲरे ही दोन्ही फंक्शने आत प्रत्येक मूल्याशी तुलना करतात, आणि तीही मुळात ढिलीच असते. तिसरी गोष्ट म्हणून ‘ट्रू’ दिले तरच ती काटेकोर होते. अनेक जण हे ट्रू देतात आणि आपण शून्याच्या सापळ्यातून सुटलो असे समजतात. ते सुटलेले नसतात. तिसरा ट्रू शोधण्याची पद्धत बदलतो, उत्तराची नव्हे. पहिले मूल्य सापडले तर उत्तर शून्यच येणार. काटेकोर शोध आणि तीन बरोबर चिन्हांची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

ढिल्या तुलनेत पूर्वी शून्य हा आकडा आणि कोणताही अक्षरी मजकूर समान ठरत असे, कारण मजकुराचा आकडा करायला गेले की शून्य हाती येई. म्हणजे जिल्ह्यांच्या नावांत ० शोधला तर पीएचपी बेधडक ‘सापडला, पहिल्याच जागेवर’ असे सांगे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या पीएचपी ८ ने हा नियम बदलला. आता अशा वेळी आकड्याचा मजकूर केला जातो आणि तुलना फसते, जशी ती फसायला हवी. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या संकेतस्थळांना मात्र याचा लाभ नाही.

मराठी वापरणाऱ्यांसाठी यात आणखी एक खाच आहे. देवनागरीत लिहिलेला ४९७ हा पीएचपीच्या लेखी आकडा नाही, नुसती अक्षरे आहेत. त्याचा जबरदस्तीने पूर्णांक केला तर शून्य मिळतो. ५३१ लिहिले तरी शून्य, ५२१ लिहिले तरी शून्य. मराठी कळफलकावरून सांगली किंवा पुण्याचा यादीतला क्रमांक टाकला, प्रोग्रामने त्याचा पूर्णांक केला आणि तो जागा म्हणून वापरला, तर दर वेळी नंदुरबारच समोर येईल. उपाय साधा आहे : देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचे.

‘तोरणमाळ’मध्ये ‘तोरण’ कुठे?

यादीऐवजी शब्दातच शोध घेतला तरी तोच सापळा आहे. पीएचपीतले ‘स्ट्रिंग पोझिशन’ हे फंक्शन मजकुराचा तुकडा कुठे सुरू होतो ते सांगते. ‘तोरणमाळ’ या नावात ‘तोरण’ शोधले तर उत्तर शून्य, कारण नाव तिथूनच सुरू होते. ‘जर’ने ते वाचले की तोरणमाळमध्ये तोरण नाही.

‘माळ’ शोधले तर उत्तर येते १२. पाच अक्षरांच्या नावात बारावी जागा कुठली? हे फंक्शन अक्षरे नव्हे, बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘तोरण’मध्ये त, ओकाराची मात्रा, र आणि ण अशी चार चिन्हे, म्हणून बारा. चिन्हे मोजणारे दुसरे फंक्शन ४ सांगते, आणि डोळ्याला दिसणारी अक्षरे (तो, र, ण) मोजणारे तिसरे ३ सांगते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. ‘तोरण’ची जागा मात्र तिन्ही पद्धतींत शून्यच राहते. केवळ ‘हा तुकडा आहे का’ हे विचारण्यासाठी पीएचपी ८ मध्ये ‘स्ट्रिंग कंटेन्स’ हे फंक्शन आले. ते इतक्या उशिरा यावे याचे आश्चर्य वाटते : भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्येच जाहीर केली होती.

‘नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

तपासणी बिनचूक केली तरी फॉल्सचा अर्थ ‘ती गोष्ट अस्तित्वात नाही’ असा होत नाही. ‘याच रूपात या यादीत नाही’ एवढाच होतो. २०११ च्या यादीत ‘धाराशिव’ सापडणार नाही, कारण तिथे उस्मानाबाद आहे. ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ यांचेही तेच. तालुक्यांच्या यादीत ‘धडगाव’ शोधणाऱ्यालाही नकार मिळेल. तालुक्याचे ठिकाण धडगाव असले तरी तालुक्याचे नाव अक्राणी आहे. ‘नंदुरबार’ आणि ‘नंदूरबार’ ही दोन्ही रूपे लिहिण्यात दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी नावे आहेत.

रत्नागिरीचा त्रास याहून सूक्ष्म. काही जण ‘त्’ आणि ‘न’ यांच्यामध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून ते नाव लिहितात, काही जण तसेच लिहितात. पडद्यावर फरक जेमतेम जाणवतो, तुलना मात्र फसते. म्हणून चांगला प्रोग्राम शोधण्याआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणतो, जुन्या-नव्या नावांची जोडयादी जवळ ठेवतो आणि न सापडल्यास ‘जिल्हा नाही’ असे न म्हणता ‘या नावाने नोंद सापडली नाही’ असे म्हणतो.

दोष प्रोग्रामरचा की फंक्शनचा?

एकाच वाटेने दोन जातींची उत्तरे पाठवणारे फंक्शन मुळातच सदोष आहे, असे म्हणायला जागा आहे. क्रमांक आणि नकार यांना वेगळी दारे असती तर हा लेख लिहावा लागला नसता. नव्या भाषांनी, उदाहरणार्थ रस्टने, तसेच केले आहे : तिथे उत्तर एका वेष्टनात येते आणि ते उघडून ‘काही आहे की नाही’ हे पाहिल्याशिवाय आतला क्रमांक वापरताच येत नाही. पीएचपीला मागचे लाखो प्रोग्राम मोडून असा बदल करणे शक्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ८.४ आवृत्तीत ‘ॲरे फाइंड’ हे नवे फंक्शन मिळाले. ते जागेऐवजी मूल्यच देते आणि न सापडल्यास नल देते. जिल्ह्यांच्या नावांसाठी ते पुरते. पण ज्या यादीत शून्य हेच एक मूल्य आहे, तिथे ‘जर’चा जुना सापळा तसाच आहे.

यादीत शोध घेणारा प्रोग्राम हाती आला की तो तीन नावांनी तपासावा : यादीतले पहिले, यादीतले शेवटचे आणि यादीत नसलेले. इथे ती नावे नंदुरबार, सांगली आणि पालघर. मधली तेहेतीस नावे तपासून ही चूक कधीच सापडत नाही.